धरणातून आणलेला उंबरा

मला घर सजवायची हौस आहे असं आमच्या वाडीतल्या बायका म्हणतात. म्हणू देत बापड्या. मी घराला हात घातला तो भीतीपोटी, आणि ती भीती रोज रात्री बाहेर ओट्यावर झोपायची.

माझे सासरे, सगळे त्यांना आबाच म्हणतात, माझं लग्न व्हायच्या आधीपासून घरात झोपत नव्हते. जेवायला आत यायचे, सणाला पाटावर बसायचे, आणि हात धुतले की घोंगडी काखेत मारून बाहेर. थंडी पडो, तिरपा पाऊस येवो. का म्हणून विचारलं की एकच उत्तर, "मी हितं पावणा हाय." नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं माझ्या हातचं काही चुकतंय. मग कळलं की ते माझ्यावर नाही, घरावरच रुसलेत.

आमचं घर शिनोलीच्या अलीकडे. डिंभ्याच्या धरणात गाव गेलं तेव्हा जागा मिळाली, तिच्यावर बांधलेलं. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं ओटा, आणि ओट्यापुढं लगेच ऊस. उसात वाघ आला. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. आधी शेजारचं कुत्रं गेलं, मग एक शेळी गेली. एका सकाळी झाडायला गेले तर ओट्याखालच्या मऊ मातीत पंजे उमटलेले, आबांच्या उशाकडच्या बाजूला. मी ते झाडूनं पुसून टाकले आणि तिथंच बसून रडले. आबांना सांगितलं तर बिडी विझवत म्हणाले, "त्यो बी हितला न्हाई, मी बी हितला न्हाई. त्यो मला काय करतोय?"

आता अशा माणसाला काय सांगणार, कपाळ? नवऱ्यानं हात टेकले होते. तो नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोच्या गाडीवर असतो, निम्म्या रात्री घराबाहेरच. मी मनात घेतलं की पुढची खोली अशी करायची, अशी करायची, की म्हातारा आपल्या पायानं आत येईल.

गवंड्याला द्यायला आमच्याकडे काही नव्हतं. मग मोबाईल पुढ्यात ठेवला. त्यात एक पोरगी पांढरे कपडे घालून हसत हसत भिंतीला पुट्टी लावते, एक थेंब अंगावर पडत नाही. माझ्या केसांत पुट्टी, कानात पुट्टी, भाकरीतसुद्धा पुट्टीची चव. मी म्हणाले भिंतच वाकडी आहे, तर नवरा म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. त्या दिवशी त्याला मी भाकरीशी कोरड्यास केलंच नाही, नुसती मिरची वाढली.

फरशीच्या दुकानाबाहेर फुटक्या टाईल्सचा ढीग असतो, तो गोणी भरभरून आणला आणि तुकडे जुळवून मोरीला लावले. जुन्नरला जुन्या दारं-खिडक्यांचा व्यापार करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडून सागाची खिडकी आणली. माझ्या लग्नातल्या साडीचा पडदा झाला. भिंतीला फिका पिवळा डिस्टेंपर दिला. आबांना विचारलं होतं, कोणता रंग लावू. "तुमचं घर, तुमी बघा," म्हणाले.

एकच गोष्ट जमेना. खालच्या बाजूला भिंतीवर ओल यायची. रंग दिला की दोन दिवस बरं, मग भिंतभर सरळ रेघ उमटायची, पाणी चढून उतरल्यासारखी. नवरा म्हणायचा, जमिनीची ओल आहे, खरवडून प्रायमर मार. मी खरवडलं, प्रायमर मारला, परत रंग दिला. रेघ परत आली. गाव बुडालं तेव्हा मी कुठे होते, मला त्याचं काय, पण ती रेघ बघितली की वाटायचं, ते पाणी माणसांच्या मागोमाग इथवर आलंय.

खोली झाली. आबांना हाताला धरून दाखवली. त्यांनी खिडकी उघडून बघितली, साडीच्या पडद्यावरून हात फिरवला, म्हणाले, "झ्याक केलंस पोरी." आणि घोंगडी उचलून ओट्यावर गेले. मी ब्रश भिरकावून दिला. चिडलेही आणि घाबरलेही, कारण त्याच आठवड्यात खालच्या वस्तीवर वासरू गेलं होतं.

तेव्हा नवऱ्याच्या डोक्यात आलं. त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं, जुनं गाव उघडं पडलं होतं. तो म्हणाला, आपल्या जुन्या घराचा उंबरा घेऊन येऊ. इथल्या दाराला नुसती सिमेंटची पट्टी आहे, ती फोडून तो बसवू. आपला उंबरा दिसला की आबा आत येतील. मला ते एकदम पटलं. फुकटचा घडीव दगड मिळत होता, आणि खरं सांगायचं तर माझं रंगकाम हरलं होतं. आबांना विचारलं तर त्यांनी उसाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "आणा, काय आणायचं ते."

जुन्या गावात मी पहिल्यांदाच गेले. चिखल वाळून भेगाळलेला, त्यात शिंपले. घरांची जोती तेवढी राहिलेली. माणसं आली होती बरीच, आणि सगळी मयताच्या घरी बोलतात तशी हळू बोलत होती. कुणी म्हणायचं, हितं माझी चूल व्हती, आणि तिथं जाऊन नुसतं उभं राहायचं. भिंती नव्हत्याच, कुठूनही आत जाता आलं असतं. पण कुणी जोतं ओलांडत नव्हतं. जिथं दार होतं तिथूनच आत शिरत होते, वाकून.

माझा नवरा गाव सोडलं तेव्हा लहान होता. देवळापासून घरं मोजत तो एका जोत्यापाशी गेला, हातांनी गाळ बाजूला केला आणि त्याचा चेहराच बदलला. काळा, घडीव, मधोमध पायांनी झिजलेला उंबरा. "हाच. यावरूनच पडलो होतो मी," म्हणाला, आणि हनुवटीवरची खूण मला दाखवली. पहारीनं तो दगड उचकटला, ट्रॉलीत घातला. मी मागं वळून पाहिलं नाही. उंबरा काढलेलं ते घर बघवलं नसतं.

घरी आणून बसवला. खाली हळदकुंकू, तांदूळ, एक नाणं ठेवलं. सिमेंट मी कालवलं, कडेनं मीच लिंपलं. आबा ओट्यावरून सगळं बघत होते. काम झाल्यावर उठले, दगडावर तळहात ठेवला आणि तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा घरात नाहीत, ओट्यावर नाहीत. माझा जीव उडाला. उसाच्या कडेनं हाका मारत फिरले. दिवेलागणीला आबा वडापच्या जीपमधून उतरले. कुठं गेला होता विचारलं तर म्हणाले, घोडेगावला काम व्हतं. जेवले, घोंगडी घेतली, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि आत येऊन पिवळ्या भिंतीशी अंथरूण घातलं.

मी मोरीत तोंड लपवून रडले. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं नारळ फोडला.

तरी काहीतरी खुपत होतं. आबा आत झोपायचे, पण अंग चोरून, अगदी कडेला. सदरा खुंटीला लावायचे नाहीत, पिशवीत घडी करून उशाशी ठेवायचे. सकाळी उठले की आपली जागा स्वतः झाडून काढायचे. आणि पावसाळा संपत आला तेव्हा एका सकाळी ओट्यावर, बरोब्बर त्यांच्या जुन्या जागेवर, चिखलाचे पंजे दिसले. मी ओटा धुतला, कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, कसाही झोपू दे, आत झोपतोय ना.

दिवाळीच्या तोंडावर एक म्हातारी बाई आली. नवऱ्याला ओळख पटली, जुन्या गावातल्या शेजारीण, आता घोडेगावला लेकाच्या फ्लॅटमध्ये राहतात. मी या म्हटलं, पाणी आणलं. त्या आत येईनात. दारातच खाली बसल्या आणि उंबऱ्यावर हात फिरवायला लागल्या, लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"ह्यो माझा उंबरा," म्हणाल्या.

नवरा हसला. म्हणाला, आत्या, आमचा आहे, मी यावरून पडलो होतो.

"पडला व्हतास की. पर आमच्या दारात पडला व्हतास. म्याच हळद भरली." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्यांच्या घराला दगडी उंबरा नव्हताच, बाई. सागाचा व्हता. भाऊजींनी, म्हंजी तुझ्या सासऱ्यांनी, त्यो चौकटीसकट सोडवून हितं आणला, नव्या घराला बसवायला. त्यो बसवायच्या आधीच तुझी सासू गेली. लई पाऊस. वाळलेलं लाकूड मिळंना कुठं. मग त्यांनी उंबराच फोडला अन् तिच्या सरणावर घातला."

नवरा तेव्हा मढ गावी मामाकडे ठेवलेला होता, त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आणि मी उंबऱ्याच्या जागी घातलेल्या त्या सिमेंटच्या पट्टीशेजारी वर्षानुवर्षं रांगोळी काढत होते.

माझ्या मनात मात्र एकच. मी त्यांचे हात धरले. म्हटलं, आत्या, पाया पडते, दगड पाहिजे तर परत देऊ, पण आबांना हे कळू देऊ नका. कळलं तर ते परत बाहेर जातील, आणि बाहेर वाघ आहे.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "त्यास्नी म्हाईत न्हाई व्हय? अगं, तुमी दगड बसवला त्याच्या दुसऱ्या दिशी माझ्याकडं आले व्हते. दारात उभे ऱ्हायले. म्हणले, वहिनी, पोरांनी चुकून तुमचा उंबरा आणलाय. पोरांचा हिरमोड नको. तुमच्या घरात झोपू का मी? म्या म्हणलं, झोपा की, भाऊजी."

मला काय वाटलं ते धड सांगता येत नाही. भिंती मी घासल्या, पडदा माझ्या लग्नातला, आणि तो म्हातारा इतके महिने दुसऱ्याच कुणाच्या घरात झोपत होता. रागही आला. पण राग धरणार कुणावर?

आबा शेतातून आले. आत्यांना बघून त्यांनी हात जोडले. आत्यांना मी मुक्कामाला ठेवून घेतलं. त्या आत आल्या, खोलीभर फिरल्या, ओल आलेल्या रेघेवर बोट ठेवून पुढं गेल्या. जेवणं झाली. आत्यांचं अंथरूण मी आतल्या खोलीत घातलं, आबांचं नेहमीसारखं पुढच्या खोलीत पिवळ्या भिंतीशी. आणि बघते तर आबांनी आपली घोंगडी गुंडाळली आणि ओट्याकडे निघाले. मालकीण घरी आल्यावर पाहुण्यानं बाहेरच झोपायचं, त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. नवऱ्यानं हात धरला, तो सोडवला. मी आडवी उभी राहिले, तर ते बाजूनं गेले.

आतून आत्यांचा आवाज आला, अगदी साधा. "भाऊजी, आत या."

आबा ओट्यावर थांबले. वळले, उंबऱ्याला हात लावला आणि आत येऊन निजले. आमचं इतक्या वर्षांत एकदा ऐकलं नव्हतं त्या माणसानं.

आत्या सकाळी गेल्या. उंबरा त्यांनी परत मागितला नाही.

आत्या मागच्या उन्हाळ्यात वारल्या. निरोप सकाळी आला, आबा मातीला जाऊन संध्याकाळी परतले, मागच्या दारी अंघोळ केली, दोन घास कसेबसे खाल्ले आणि ओट्यावर जाऊन बसले. नवरा गाडीवर होता. अंधार पडला. उसात काहीतरी सरसरलं, शेजारच्यांची कुत्री ओट्याखाली येऊन दबली. मी अंथरूण घालून आत उभी. आबा उठले, घोंगडी घेतली, उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. आत बघत नव्हते, खाली बघत होते. आता त्या घरात त्यांना आत घेणारं कुणी उरलं नव्हतं. मी "आबा, या की" म्हणाले. ते हलले नाहीत. मी परत म्हणाले. त्यांनी पाऊल मागं घेतलं.

मग माझ्या तोंडून ते कसं निघालं मला सांगता येणार नाही. मी डोक्यावरून पदर घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "भाऊजी, आत या."

सून सासऱ्याला भाऊजी म्हणाली. मी पदराआडून बघत होते. मग आबा वाकले, उंबऱ्याला हात लावला आणि माझ्याकडे न बघता आत आले. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तसंच म्हणते.