कोयत्यावरचा तांबडा रंग

आज मुलाने पोफळींच्या फवारणीसाठी मोरचूद आणलं. पुडीवर कॉपर सल्फेट लिहिलंय, पण मोराच्या मानेसारखं निळं म्हणून आमच्या घरात ते मोरचूदच. पूर्वी ते गुरांच्या जखमेला लावत, सुती जाळी कुजू नयेत म्हणून त्याच्या पाण्यात भिजवत. आज बादलीतलं ते निळं पाणी पाहिलं आणि लग्नानंतरचा पहिला पावसाळा आठवला.

आभाळ भरून आलं होतं. हे नळी घेऊन पोफळीवर चढले होते आणि खाली मामंजी मोरचुदात चुना कालवत होते. चुना कमी पडला तर ते औषध सुपारीचे घोसच जाळतं. म्हणून त्यात कोयता बुडवून बघायचा. पातं तांबडं झालं तर अजून चुना हवा.

"बाबानू, बेगीन करा, पावस येता!" वरून हाक आली.

मामंजींनी कोयता डोळ्यांजवळ नेला. "बरां आसा. पंप मार गो."

पातं तर तांबडं होतं. माझा हात पंपाच्या दांड्यावर होता. सासऱ्यांसमोर मी तोवर तोंड उघडलं नव्हतं.

"मामंजीनू, कोयतो तांबडो आसा."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग कोयता बाजूला टाकून त्यांनी चुना ओतला. ते रागावले असं वाटून मी दिवसभर त्यांच्यासमोर गेले नाही. तो राग नव्हता, दिसेनासं झाल्याची भीती होती, हे आज कळलं.

कारण आज कोयता मी बाहेर काढला आणि मला रंग ओळखू येईना. सून शेजारी पंपाचा दांडा धरून उभी होती. मी कोयता तिच्या हातात दिला.

"बघ गो. आणि खरां काय तां सांग."