तारवाल्या बाई आणि रेक्झीनचा धूर

आमच्या तारवाल्या बाईंचा राग आधी नाकात शिरायचा, मग तोंडातून बाहेर पडायचा. गोंडपिपरीजवळच्या मुलींच्या निवासी शाळेत त्या आम्हाला रसायनशास्त्र शिकवायच्या. शिकवता शिकवता मध्येच थांबायच्या, हवा हुंगायच्या आणि ओरडायच्या, "काय जाळून राह्यले तिकडे?" की खडू टेबलावर आपटून तरातरा बाहेर.

त्यांच्या पर्समध्ये बुचात खोचलेली तांब्याची तार कायम असायची. ती तापवायची, प्लास्टिकला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की त्यात क्लोरीन आहे असं समजायचं. एकदा माझ्या मैत्रिणीच्या नव्याकोऱ्या रेनकोटला त्यांनी ती टेकवली. भोक पडलं, पोरगी रडायला लागली. बाई तिच्यावरच डाफरल्या, "रडते काऊन? हा चुलीत टाकाचा नाई, हे तर समजलं ना!" दुसऱ्या दिवशी त्याच भोकाला त्यांनी स्वतः ठिगळ लावून आणलं.

"शेजारी कोण बसला ते पाहा!" हे त्यांचं पालुपद. फळ्यावर कार्बनची लांब साखळी काढायच्या. साध्या प्लास्टिकच्या पिशवीच्या साखळीत कार्बनला नुसते हायड्रोजन. तापवली की साखळीच तुटते. रेक्झीनच्या साखळीत मात्र एकाआड एक कार्बनवर क्लोरीन बसलेला आणि शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन. "ताप लागला का हे दोघं जोडीनं पळते. एक जोडी पळाली का बाजूची आणखी लवकर सुटते. बाहेर आल्यावर ओलावा भेटला का त्याचं आम्ल. आन् ओलावा कुठी भेटते? तुमच्या छातीत!" असं म्हणून त्या स्वतःच्या छातीवर थाप मारायच्या. आम्ही हसायचो. मूर्ख होतो.

माझी आई त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मी बारावीत असताना पावसाळ्यात लाकडं ओली आली. मुख्याध्यापकांनी फाटक्या गाद्यांचं रेक्झीन काढून दिलं, म्हणाले, चूल पेटवायला वापरा. आई खूश. "भसकन पेटते वं," म्हणायची आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्या काळ्या धुरात बसायची. बाईंना वास लागला. तार घेऊन आल्या, ज्योत हिरवीगार झाली. तशाच त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या. "सुकं लाकूड द्या, नाई तर गॅस द्या. बाईमाणूस मरून जाईल!" साऱ्या व्हरांड्यात ऐकू गेलं. मग त्यांनी वरच्या ऑफिसात लेखी तक्रारही केली.

मुख्याध्यापकांनी काय करावं? आईच्या नावाने कागद तयार केला: स्वयंपाकघरात फक्त सुकं लाकूड जळतं, बाईंची तक्रार खोटी आहे. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मला बोलावलं. मी सगळं वाचून दाखवलं. आई म्हणाली, "पण आपण तर रेक्झीन जाळतो ना?" मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. आईची नोकरी जाईल, हे मला त्यांच्या नजरेत दिसलं. मी म्हटलं, "अंगठा दे, आई."

तक्रार खोटी ठरली आणि बाईंची बदली पार दूर सिरोंच्याला झाली. एसटी स्टँडवर मी गेले, मान खाली घालून. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं! ती तार माझ्या हातात कोंबून एवढंच म्हणाल्या, "तुह्या मायले वाचता येत नव्हतं. तुले तर येत होतं ना?"

रेक्झीन संपेपर्यंत आई ते जाळत राहिली. मुख्याध्यापक सत्कार घेऊन निवृत्त झाले. आठवलं की अजून माझं रक्त उकळतं. मी आता मूल गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते, ती साखळी फळ्यावर काढते आणि शेजारी कोण बसलंय म्हणून पोरींवर ओरडते. मग घरी येते. आईला अंगणातून ओट्यावर यायला दोनदा थांबावं लागतं. मी कधी त्या कागदाचं काढलं तर म्हणते, "जाऊ दे वं. तुले माह्या नोकरीची काळजी होती." माझं डोकंच फिरतं. अगं, शिव्या दे मला! एकदा तरी दे!

देत नाही ती. एवढं बोलल्यावरच तिला दम्याचा पंप ओढावा लागतो. शिव्यांपुरता श्वास तिच्याकडे उरलेला नाही.