दुकानातल्या परक्या मोटारी

अमरावतीच्या कोचिंग क्लासमध्ये मी दरवर्षी तोच धडा शिकवायचो. पेशीवर उपाशी राहायची वेळ आली की ती स्वतःचेच जुने, मोडके भाग पिशवीत गुंडाळते. लायसोसोममध्ये त्यांचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांतून पेशी पुन्हा नवं बांधते. पोरं उतरवून घेत. मी फळा पुसून अकोल्याची एसटी धरायचो.

अकोल्याला जठारपेठेत अब्बांचं मोटारी आणि पंखे वाइंडिंगचं दुकान होतं. त्या वर्षांत विहिरी आटल्या, कपाशी गेली, आणि शेतकऱ्यांनी दुरुस्तीला टाकलेल्या पाण्याच्या मोटारी न्यायला कुणी फिरकेना. दुकान चालू ठेवायचं म्हणून अब्बा घरातलंच काढायला लागले. आधी माळ्यावरचा बंद पंखा नेला. बरंच झालं, अडगळ गेली. मग बैठकीतला चालता पंखा गेला. मग ऐन मे महिन्यात, अकोल्याच्या उन्हात, कूलरची मोटार. आमच्या घरच्या बेअरिंगांवर लोकांचे पंखे फिरत होते. अम्मी खिडकीला ओली चादर बांधून बसायची.

"त्या पडलेल्या मोटारी भंगारात देऊन टाका ना," मी म्हणालो.

"अमानत हाये ते. मालक येतीन, तं काय दाखवू त्यायले?"

काही मालक आता कधीच येणार नव्हते. अब्बांनाही ते ठाऊक होतं. मला राग यायला हवा होता, पण काहीच आलं नाही. मी चहा पिऊन परतलो.

त्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "सर, पेशी सगळंच खाऊन टाकत नाही का?"

"उपास लांबला तर चांगलंही मोडते," मी सांगितलं. "परीक्षेला येत नाही ते."

रविवारी गेलो तर वाइंडिंगचं मशीन जागेवर नव्हतं. अब्बांनी ते विकलं होतं. दुकान रिकामं करून द्यायचं होतं. परक्या मोटारी तेवढ्या शाबूत होत्या, पुसून ओळीनं लावलेल्या. आम्ही त्या ऑटोत घालून घरी आणल्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, मी पुटपुटलो. कुणी हसलं नाही, मीही नाही.

बैठकीत पंख्याच्या रिकाम्या हुकाखाली त्या ठेवल्या. अम्मीनं खिडकीची चादर वाळवून त्यांच्यावर घातली.

अजूनही कडी वाजली की अब्बा आधी ती चादर बाजूला करतात, मग दार उघडतात.