एका मुळाच्या दोन गाठी

धानोऱ्याच्या स्टँडवर बाबांनी माझी बॅग सीटखाली सारली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. दुपट्ट्याने मान पुसत म्हणाले, "मागं काऊन पाहून राह्यली? जाशीन तिथं रुजून राह्य." त्यांच्या कानाखाली बोराएवढी गाठ होती. विचारलं तर म्हणाले, बिब्बा उतला. आम्ही जंगलातले बिब्बे वेचणारे. तेल लागून कातडी सुजायचीच, त्यामुळे अंगावर काहीही आलं की बिब्ब्याचंच नाव. मीही खोबरेल लावा म्हणाले आणि पुण्याला निघाले. बी.एस्सी. झालेल्या मुलीची अक्कल एवढी.

पुण्यात लॅबमध्ये गुणसूत्रं तपासायचं काम मिळालं. कधी कधी दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटतात आणि एकमेकांच्या जागी जाऊन चिकटतात. चौदा आणि अठरा नंबरची अशी अदलाबदल झाली की पेशी मरायचं विसरते, नुसती साठत जाते. दिवसभर मी हेच बघायची. दिवाळीला घरी गेले की ती गाठ दिसायची, कधी मोठी, कधी बारीक. "बिब्ब्याचंच हाय," आई म्हणायची. मला ते सोयीचं होतं.

सातव्या वर्षी बाबांच्या पोटात गोळा आला आणि दोन महिन्यांत नारळाएवढा झाला. त्यांना पुण्याला आणलं. दोन्हीकडे लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघाला; मानेतला सावकाश वाढणारा, पोटातला झपाट्याचा, नावंही वेगळी. दोन्ही गाठींतून काढलेल्या तुकड्यांच्या काचा तपासायला माझ्याच टेबलावर आल्या. दोन्हींत चौदा-अठराची तीच अदलाबदल होती. मानेतलाच आजार पोटात जाऊन पिसाळला होता.

बाबांनी विचारलं, "दोन दुखणे हायेत का एकच?"

"एकच हाय, बाबा."

"मंग बरं. एकच दवा लागन."

त्यांना हायसं वाटलं. ती गाठ स्टँडवरच माझ्या डोळ्यांसमोर होती, तेव्हाच दाखवली असती तर निदान लक्ष ठेवता आलं असतं, हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. पाच महिन्यांत बाबा गेले.

तिकडे राहिलेल्यांनो, उतलेला बिब्बा काही दिवसांत बसतो. त्यानंतरही राहिलेली गाठ दाखवा. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, सोयीचं उत्तर ऐकून फोन ठेवू नका.

आई विचारते, "घरी कधी येशीन?" तिला काय सांगू? बाबांच्या गाठीचा, मेणात बसवलेला नखाएवढा तुकडा आमच्या लॅबच्या कपाटात आहे. घर म्हणावं तर आता ते कपाट. संध्याकाळी त्याला कुलूप मीच लावते.