जिन्यातल्या दिव्याखालचा फोटो

ताईचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गजराचं घड्याळ होतं, पण तिने त्याला कधी वाजू दिलं नाही; आधीच उठून त्याचं तोंड दाबायची. भाऊजी गोदामावर रात्रीच्या पहाऱ्याला. ते चारला जिना चढायचे, ही साडेचारला उतरायची. मधल्या अर्ध्या तासात दोघं दारात उभी असायची. एक जण बूट काढत, दुसरी चपला शोधत.

ताई माझी थोरली बहीण. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत ती चादरींच्या मशीनवर होती, मी तिथेच फिटर. मशीन म्हणजे दोन तापलेले रूळ. अलीकडून ओली चादर घालायची, पलीकडून कडक होऊन निघते. ऐकायला सोपं आहे. दिवसभर वाफेत उभं राहून, एकही सुरकुती न पाडता करून दाखवा, मग बोलू. ताईची चादर मी लांबून ओळखायचो. कोपऱ्यावर कोपरा.

तिला एकच शौक होता, आणि तोही मेहनतीचा. जुन्या बाजारात तिला एक कॅमेरा मिळाला होता, फोटो जागच्या जागी देणारा. बटण दाबलं की घर्र आवाज करत पुढच्या फटीतून कागद यायचा आणि त्यावर हळूहळू चित्र उमटायचं. तेव्हा खिशात फोन नव्हते, त्यामुळे ही जादूच वाटायची. पण त्या कॅमेऱ्याची फिल्म बनायची बंद झाली होती.

दुकानदार म्हणाला, "नवी मिळते, पण ती याची नाही. डबी केसभर रुंद आहे आणि फिल्म फार तेज. जरासा उजेड लागला की भडकते."

"आतला कागद मापाने तोच ना?" ताईने विचारलं.

"तोच. पण बाई..."

"मग द्या."

नव्या डबीतले कागद काढून जुन्या रिकाम्या डबीत भरायचे, असा तिचा बेत. तोही मिट्ट काळोखात. ती रजई घेऊन कपाटात शिरली आणि मी बाहेरून दार दाबून धरलं. आतून आवाज आला, "ढिलं सोडू नकोस रे!"

भाऊजी खाटेवरून म्हणाले, "मेहुणे, हिला कपाटात राहायला आवडतं हे लग्नाआधी सांगायचं होतं. खोलीचं भाडं वाचलं असतं."

ती डबी पूर्ण वाया गेली. एकेक फोटो निघाला तो काळाकुट्ट. कुणाला काही कळेना. दुसऱ्या दिवशी मशीनवर चादर घालता घालता ताई थांबली आणि एवढ्या जोरात हसली, की वाफेच्या आवाजावर मला ऐकू आलं. चादर रुळात घालताना उलटी बाजू वर ठेवतात, म्हणजे सुलटीला चकाकी येते. काळोखात तिच्या हातांनी तेच केलं होतं. सगळे कागद शिस्तीत, कोपऱ्यावर कोपरा, पालथे.

दुसऱ्या डबीत चित्रं आली, पण प्रत्येकावर सारख्या अंतराने पांढरे ठिपके. मी म्हटलं, फिल्म शिळी असेल. ताईने बघितलं आणि म्हणाली, "रूळ घाण आहे." कॅमेऱ्याच्या फटीत दोन बारके रूळ असतात, कागद त्यांच्यातून दाबून निघतो. आमच्या मोठ्या रुळाला काही चिकटलं, तर चादरीवरही असेच डाग पडतात. तिने ओल्या फडक्याने ते रूळ पुसले. ठिपके गेले.

मग राहिला उजेड. त्या कॅमेऱ्याची उजेड आत घेणारी झडप आळशी होती, उघडली की अंमळ रेंगाळायची. जुन्या मंद फिल्मला ते चालायचं. ही तेज फिल्म उन्हात जळून जायची. भाऊजींच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दोघांचा फोटो काढला, तर दोन पांढऱ्या माणसांमागे पांढरी भिंत. मी माझ्या वेल्डिंगच्या चष्म्याची काच दिली, तर चित्र कोळशाच्या खोलीसारखं आलं. शेवटी ताईने एका फुटक्या गॉगलची काच घासून बसवली. बऱ्यापैकी जमलं.

मी म्हणायचो, "ताई, एवढ्या खटाटोपात नवा कॅमेरा आला असता."

"येणारच आहे. पगारातून बाजूला टाकतेय. तोवर हा."

पण भाची, ताईची मुलगी, नर्सिंगला निघाली. दुसऱ्या गावी, तीन वर्षांसाठी. तिच्याकडे आईचा फोटो होता, बाबांचा होता, दोघांचा एकत्र एकही नव्हता; गॉगलची काच जमल्यापासून भाऊजींना सुट्टीच मिळाली नव्हती. लग्नातले फोटो गळक्या छताखाली गेले होते. ती म्हणाली, "आई, होस्टेलमधल्या मुली विचारतील, तुझे आईबाबा एकमेकांना ओळखतात का गं? मी काय दाखवू? दोन वेगळे कागद?"

मी ताईला ओळखतो. तिने ते मनाला लावून घेतलं.

नेमका त्याच आठवड्यात भाऊजींचा पहाऱ्यावरचा जोडीदार आजारी पडला. त्यांना दिवसाचाही पहारा आला. घरी यायचे ते पहाटे, अंघोळ आणि दोन घास, की परत. दुकानात फिल्म संपलेली. कॅमेऱ्यात शेवटचा कागद. मुलीची बस सकाळी सहाची. म्हणजे दोघं एकत्र सापडणार ती त्याच अर्ध्या तासात, बाहेर काळोख असताना.

मी ट्रंक उचलायला चारला पोचलो. भाऊजी नुकतेच जिना चढून आले होते. वर एक पिवळा दिवा, तोही धुळीने माखलेला.

"यात काय येणार?" मी म्हटलं. "राहू दे. मागून पाठव."

ताई दिव्याकडे बघत होती. मग तिने नखाने गॉगलची काच काढून टाकली.

"उन्हात जळते ना ही फिल्म? म्हणजे हिचं थोडक्यात भागतं. हिला एवढाच उजेड पुरे."

"आणि नाही पुरला तर?" भाचीने विचारलं.

"तर होस्टेलमधल्या मुलींना दोन कागद दाखव."

भाचीने ट्रंक उभी केली, त्यावर कॅमेरा टेकवला आणि एक डोळा मिटला. "हलू नका हं. बाबा, श्वाससुद्धा नको."

"अगं, रात्रभर उभाच होतो, त्याची सवय आहे. तुझी आई गप्प राहील का ते बघ."

"मी गप्पच आहे, तुम्ही..."

घर्र. कागद बाहेर आला. थंडी होती. थंडीत चित्र निळसर, मरतुकडं उमटतं, हे ताईला माहीत होतं.

"काखेत धर," ती मुलीला म्हणाली. "नर्स होणार ना? समज, थर्मामीटर आहे."

भाची काखेत फोटो धरून जिन्यात उभी राहिली. ताई घड्याळ बघेना. तिला उशीर होतोय हे मला दिसत होतं. इतक्या वर्षांत तिला एकदाही उशीर झालेला नव्हता. शेवटी भाचीने कागद काढून दिव्याखाली धरला.

आला होता. भिंत सायीच्या रंगाची, आणि दोघांचे चेहरे स्वच्छ. ताईच्या हातातला डबा, भाऊजींच्या गळ्यातली शिटी. फक्त भाऊजींचा उजवा हात नव्हता. त्याच्या जागी धुकं, आणि ते ताईच्या खांद्यापर्यंत गेलेलं.

"बाबा, हललात!"

"जरा हात ठेवावा म्हटलं."

"मग आधी ठेवायचा!"

"आधी सुचलं नाही."

ताई हसू दाबत चपला शोधायला लागली. भाची फोटो बघतच होती. "ओळखतात एकमेकांना, एवढं तरी दिसतंय. पण दोघं उभीच का गं? वाटतं, बसची वाट बघताय."

"बसायला आहे काय इथे?" भाऊजी म्हणाले.

खरंच नव्हतं. एवढी वर्षं दोघं त्या दारात उभीच राहिली होती. ताईने उंबऱ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर नजरेने मोजलं आणि ती जिना उतरली. त्या दिवशी ती कामावर उशिरा पोचली. कारण सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

नवा कॅमेरा काही आला नाही. त्यासाठी साठवलेला पगार ताईने सुताराला दिला. मी म्हटलं, मी करतो, फुकटात. तर म्हणाली, "तू लोखंडाचा माणूस. टोचेल." बाक चांगलं झालं. सांधे घट्ट, कडा गोल, एकही पाय जराही डगमगत नाही. मी हलवून बघितलं आहे. दारात बरोबर दिव्याखाली बसतं, आणि त्यावर दोन माणसं मावतात, एक बूट काढताना आणि एक चपला घालताना.