आत्यांनी मांडलेली खोली

लग्नानंतर आम्ही सोलापुरात भवानी पेठेत खोली घेतली, ती दहा बाय अकराची. एका कोपऱ्यात मोरी, एका भिंतीला ओटा, रस्त्याकडे एक खिडकी. पलीकडच्या घरात माग होते. ते सुरू झाले की आमच्या फळीवरचे कप एकमेकांना लागून किणकिणायचे. नवरा एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगला होता, गेट आणि ग्रिल करायचा. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे.

खोली लहान होती, पण माहेरून आलेलं सामान लहान नव्हतं. लोखंडी कॉट, कपाट, चार खुर्च्या, ड्रेसिंग टेबल आणि काचेचं शोकेस. कपाटाचं दार उघडायचं तर दुसऱ्यानं कॉटवर चढून बसावं लागे. कॉटच्या खाली काय काय आहे हे आम्हा दोघांनाही नीट माहीत नव्हतं. शाळेतल्या बाई घरी यायचं म्हणाल्या की मी म्हणायचे, "आता मोठं घर बघतोय, तिकडं गेलो की बोलावते." असं मी दोन वर्षं म्हणत होते.

अशात सासूबाई राहायला येणार असं ठरलं. मी त्यांना आत्या म्हणते. त्या सांगोल्याकडच्या, मेंढरांमागं जन्म काढलेल्या. दिवाळीनंतर कळप घेऊन निघायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतायचं, असं त्यांचं वर्ष. सगळा संसार एका घोड्यावर. भांडी, ज्वारी, अंथरूण, कोंबड्या, आणि वर बांधलेलं लेकरू. माझ्या नवऱ्याची पहिली दोन वर्षं अशी घोड्याच्या पाठीवर गेली. आता आत्यांचा गुडघा चालेना. मेंढरं धाकट्या दिरांकडे गेली आणि आत्या आमच्याकडे निघाल्या.

त्या आल्या त्या संध्याकाळी मी नवऱ्याला ओट्याशी हळूच म्हटलं, "अहो, इथं पाय ठेवायला जागा नाही. त्यांना कुठं झोपवायचं?" मला चौथा महिना लागला होता. चिडचिड लवकर व्हायची. आत्या दोन पावलांवर बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं असणार. दोन दिवस त्या नुसत्या भिंतीला टेकून बसल्या. मी काय कुठून काढते, किती वेळा वाकते, नवरा कशाला अडखळतो, ऊन कुठपर्यंत येतं, सगळं बघत होत्या.

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर गल्लीत माणसं जमलेली. आमच्या दारासमोर, भर रस्त्यात, आमचा सगळा संसार मांडलेला. कॉट, डबे, साड्या, लग्नातला डिनर सेट, फुटका कूलर, सगळं. मधोमध आत्या काठी घेऊन उभ्या. शेजारची मागवाली काकू, तेलुगू घरातली, शेवटची खुर्ची उचलून बाहेर आणत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्या, हे काय केलं? लोक बघतायत!"

"बगू दे की. बिऱ्हाड बांदायचं म्हंजी समदं आदी भुईवर मांडाय लागतं. डब्यात काय हाय तेच ठावं नसंल तर बांदायचं कसं?"

मग त्यांनी काठीनं रस्त्यावर चार रेघा ओढल्या. रोज लागतं ते इकडं. आठवड्यानं लागतं ते तिकडं. सणावाराला लागतं ते पलीकडं. आणि चौथ्या रेघेमागं, वर्षात एकदाही हात लागला नाही ते. चौथा ढीग सगळ्यांत मोठा झाला. त्यात माझं शोकेस होतं.

"ते माझ्या वडिलांनी दिलंय," मी म्हटलं, आणि मला रडूच आलं.

आत्यांनी शोकेसच्या काचेवरून हात फिरवला. "बापानं दिल्यालं टाकायचं न्हाई, पोरी. पन त्येला कामाला लावायचं. नुसतं हुबं ऱ्हाऊन दानं कुनी खायाचं न्हाई आपल्याकडं."

संध्याकाळी नवरा आला. रागावेल असं मला वाटलं होतं. तो आईकडं बघून हसला आणि खिशातून मोजायचा टेप काढला.

पुढचे दोन महिने आमच्या घरात जे चाललं ते मी आजवर कुठं पाहिलं नव्हतं. आत्या वितीनं आणि हातानं मोजायच्या, नवरा टेपनं. आत्या सांगायच्या, तो वहीच्या मागच्या पानावर काढायचा आणि काम सुटल्यावर वर्कशॉपमध्ये उरलेल्या पट्ट्यांतून आणि चौथ्या ढिगातल्या सामानातून ते घडवायचा. आत्यांचा पहिला नियम असा की जमिनीवर फक्त माणसं राहायची, बाकी सगळं भिंतीवर जायचं. दुसरा नियम: मुक्कामाला पोचल्यावर जे आधी लागतं ते बांधताना सगळ्यांत शेवटी ठेवायचं, म्हणजे ते हाताशी येतं. मी सकाळी आधी काय उचलते, मग काय, हे त्यांनी मला विचारलं नाही. दोन दिवसांत पाहूनच ठेवलं होतं. चहाची भांडी, पिठाचा डबा, माझी पर्स, शाळेच्या वह्या, सगळं त्याच क्रमानं भिंतीवर लागलं.

अर्ध्या खोलीवर झोपण्यापुरता माळा टाकला, त्यावर चढायला जिना केला आणि त्याच्या प्रत्येक पायरीत खण. खालच्यात ज्वारी, त्यावर डाळी, मग कांदे-लसूण, सगळ्यांत वर औषधं. अंघोळी झाल्या की मोरीवर जाळीचं झाकण पडायचं आणि त्यावर भांडी निथळायची. शोकेसची काचेची दारं काढून छताखालच्या लांबलचक कपाटाला लावली. माझ्या वडिलांची काच अशी सगळ्यांच्या डोक्यावर गेली.

खाट मात्र जमेना. ती भिंतीला उभी करून ठेवायची, रात्री खाली पाडायची असं ठरलं होतं. पहिल्याच दिवशी बिजागरी निसटली आणि नवरा खाटेसकट जमिनीवर आला. दुसऱ्यांदा बिजागरी टिकली, पण खाट इतकी जड की मला उचलवेना. पोटुशी बाई, मी तिला हातच लावू शकत नव्हते. नवरा वैतागला. "राहू दे आये, एवढं काय जमत नाही."

आत्या जेवत होत्या. घास तसाच हातात ठेवून म्हणाल्या, "घोड्याच्या येकाच अंगाला वझं बांदलंस तर त्ये चालंल व्हय? दुसऱ्या अंगाला बी टाक की तेवडंच."

नवरा उठला आणि चप्पल घालून वर्कशॉपला गेला. चार दिवसांनी खाटेला दोन साखळ्या लागल्या. त्या वरच्या चाकांवरून मागं जायच्या आणि त्यांच्या टोकांना वाळूनं भरलेले पत्र्याचे डबे. खाटेइतकंच वजन पलीकडं. मी एका हातानं ओढली तर ती हलकेच खाली आली. वर ढकलली तर आपोआप भिंतीला जाऊन बसली. तिच्या पोटाला नवऱ्यानं एक फळी लावली होती. खाट वर गेली की फळी खाली उघडायची आणि माझं वह्या तपासायचं टेबल व्हायचं.

सोलापूरचा उन्हाळा यायच्या आधी आत्यांनी खिडकीसमोरच्या भिंतीत, अगदी वर, वीतभर झरोका पाडायला लावला. घरमालकांनी आधी नको म्हटलं. आत्या त्यांना म्हणाल्या, "वाऱ्याला यायाचं दार हाय, जायाचं न्हाय. आत यिऊन त्यो करंल काय?" मालक हसले आणि हो म्हणाले. त्या एप्रिलमध्ये गल्लीतल्या बायका दुपारी आमच्या खोलीत येऊन बसायच्या.

मुलगी झाली. पाळणा मधल्या कडीला टांगला. तो उठल्या-बसल्या डोक्याला लागू नये म्हणून दोरीनं वर चढवायची सोय केली. ती सव्वा महिन्याची झाल्यावर शाळेतून निरोप आला की मोठ्या बाईंसह आम्ही अकरा जणी बाळ बघायला येतोय. मोठं घर बघतोय म्हणून सांगितलेलं सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी आत्यांना म्हटलं, "पलीकडच्या काकूंच्या घरात बसवू या का त्यांना?"

"का? आपल्याला घर न्हाय व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या आणि शेंगदाणे भाजायला बसल्या.

अकरा जणी आल्या. सगळ्या जमिनीवर ऐसपैस बसल्या आणि मधे बाळाला ठेवून चहाचं ताट फिरवायला जागा उरली. मोठ्या बाई इकडं तिकडं बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "अहो, हॉल छान आहे. पण तुम्ही झोपता कुठं? आणि सामान?"

आत्या उठल्या. एका हातात नात, दुसऱ्या हाताचं एक बोट खाटेच्या कडेला. बायका बाजूला सरकल्या आणि अंथरुणासकट खाट त्यांच्यासमोर उतरली. कुणीतरी "अगंबाई!" म्हटलं. मग सगळ्याच उठल्या. पायऱ्यांचे खण उघडून झाले, जाळी उचलून झाली. माळ्यावर आत्यांचं अंथरूण आहे का असं एकीनं विचारलं. आत्या म्हणाल्या, "गुडगा हाय का माजा तसला? म्या खाली झोपती, नातीपाशी. वर ही दोगं."

सगळ्या खदखदून हसल्या. मी लाजले, पण दोन वर्षं जी लाज पोटात घेऊन फिरत होते ती ही नव्हती. मोठ्या बाईंनी विचारलं, "कुणाकडून करून घेतलं हे सगळं? इंजिनिअर कोण?" मी म्हटलं, "या आमच्या आत्या. मेंढरांमागं फिरलेल्या आहेत. आणि लोखंडाचं काम यांच्या मुलाचं." हे बोलताना माझा आवाज वर्गात बोलते तसा मोठा निघाला. आत्यांनी पदर सारखा केला आणि काही न ऐकल्यासारखं बाळाचं टोपडं बांधत राहिल्या.

पहिली खाट मागवाल्या काकूंनी करून घेतली. त्यांच्या घरात माग खाली आणि माणसं वर, जागेची ओढाताण आमच्याहून जास्त. मग मोठ्या बाईंच्या भावाकडे एक गेली. वर्षभरात नवऱ्यानं गेट-ग्रिल सोडून स्वतःचं लहानसं दुकान टाकलं. आता तो लहान घरांचंच काम करतो. सोलापूरजवळ कुंभारीला कामगारांच्या वसाहतीत आम्ही घर घेतलं तेही तिथली कामं करता करता. दोन खोल्यांचं आहे. नातेवाईक म्हणतात, जरा मोठं घ्यायचं होतं. आम्हाला दुसऱ्या खोलीत काय ठेवायचं हेच पहिले सहा महिने सुचत नव्हतं. शेवटी मुलीनं तिथं सायकल लावायला सुरुवात केली.

नवरा नव्या घरी मापं घ्यायला निघाला की आत्यांना स्कूटरवर मागं बसवून नेतो. टेप त्याच्या खिशात असतो, पण सामान बाहेर काढायला लावायचं काम आत्यांचं. गेल्या आठवड्यात त्या विडी वळणाऱ्या एका बाईच्या घरी गेल्या होत्या. सून, दोन नाती आणि विडीची सुपं, सगळं एका खोलीत. परत आल्या तेव्हा दोन वाजून गेले होते आणि भूक लागली होती.

"काय ठरलं आत्या?" मी ताट वाढत विचारलं.

"तिला वट्टा नगं हाय, उजेड पायजे. समदा दीस खाली मान घालून वळती की. खिडकी खाली घ्या म्हनलं मी, बसल्या जागी उजेड मांडीवर पडंल. तुजा नवरा म्हनतो भिताडाला धक्का लागंल."

"मग?"

"मग काय? भिताड बगून आलो दोगं. घिऊ खाली," आत्या म्हणाल्या आणि भाकरी मोडून आमटीत कुस्करू लागल्या.