गावदेवी कॉइनचे चेअरमन

अनोळखी माणूस समोर आला की हिरूकाका बेचैन होत. तो कोणत्या कामासाठी आलाय, ते काम महत्त्वाचं आहे की फालतू, हे सगळं नंतर. आधी त्याचं आडनाव, गाव, मामाचं गाव, बायकोचं माहेर, बाप कुठल्या कंपनीत होता, अशी उलटतपासणी सुरू होई, आणि चहा येईपर्यंत त्या बिचाऱ्याचं हिरूकाकांशी काही ना काही नातं लागलेलं असे. एकदा नातं लागलं की ते खुर्चीत मागे रेलत, मोठा श्वास सोडत आणि मग कामाचं बोलायला मोकळे होत.

माझंही तेच झालं. अंबरनाथला माझं छोटं ऑफिस आहे. कंपन्यांची नोंदणी करून देणं आणि कराचे कागद भरणं हा माझा धंदा. एके दिवशी पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि कानात अत्तराचा फाया घातलेले साठीचे एक गृहस्थ आत आले, माझ्या पाटीवरचं आडनाव त्यांनी मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "बाबा कई कामाला होतं?" मोरिवलीच्या एमआयडीसीत, केमिकल कंपनीत ऑफिसर होते, असं मी सांगितलं. कॅन्टीनमध्ये जेवायचे का, हा पुढचा प्रश्न. जेवायचे. हिरूकाकांचा चेहरा उजळला.

"त्या कॅन्टीनला भाकऱ्या कोन करायची? माजी चुलतबहीन. तिच्या हातचा जेवला, म्हंजे तो तिचा भाऊ. तिचा भाऊ तो माजा भाऊ. मंग तू माजी पुतनी."

पाच मिनिटांपूर्वी मी मॅडम होते. आता पुतणीकडून फुकट काम कसं करून घ्यायचं, असा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. प्रत्यक्षात काकांकडे फी कशी मागायची हा प्रश्न मला पडला आणि तो शेवटपर्यंत सुटला नाही. फीऐवजी सुकट, वालाच्या शेंगा आणि प्रत्येक हळदीचं आमंत्रण मात्र न चुकता येत राहिलं.

हिरूकाका मोरिवलीचे. वडिलोपार्जित शेती होती. तिच्यावर कारखाने आणि इमारती उभ्या राहिल्या आणि आलेल्या पैशातून काकांनी मांडवाचा धंदा टाकला. आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी, त्यामुळे मांडववाल्याला मरण नाही. जमीन विकली तेव्हा बहिणीकडून हक्कसोडीवर सही घ्यायची रीत सगळीकडे आहे. काकांनी ती मोडली आणि चामटोलीला दिलेल्या आपल्या विधवा बहिणीला, जनाबाईला, तिचा वाटा मोजून दिला. भावकीत त्यावर बरीच कुजबुज झाली. काकांचं म्हणणं एवढंच होतं की सही घेतली असती तर रक्षाबंधनाला हात पुढे करायला लाज वाटली असती.

धंद्यातही त्यांचा एक नेम होता. मांडव उभा झाला की ते स्वतः एका आडव्या बांबूला दोन्ही हातांनी लोंबकळत. एवढा वजनदार माणूस अधांतरी झोके घेतोय हे पाहून नवरीकडची मंडळी हसत. "मी नाय पडलो, मंग तुमी बिनधास नाचा," असं म्हणून ते खाली उतरत.

तर असे हे गृहस्थ त्या दिवशी माझ्याकडे क्रिप्टोकरन्सीची कंपनी काढायला आले होते. क्रिप्टो म्हणजे काय ते मी विचारलं. "कॉम्प्युटरातला पैसा," ते म्हणाले. तो कोण छापतं? "आपुनच." ही आयडिया त्यांना रोहनसरांनी दिली होती. रोहनसर म्हणजे उल्हासनगरला जीन्सच्या दुकानांच्या वर ऑफिस थाटलेला, भर उन्हाळ्यात ब्लेझर घालणारा पंचविशीतला कन्सल्टंट. एका हळदीत त्याने पाहिलं की हा मांडववाला आलेल्या प्रत्येक माणसाला नावाने ओळखतो, आणि तिथेच तो काकांच्या मागे लागला. टेक्नॉलॉजी हम देगा, पब्लिक तुम लाव, असा सरळ सौदा होता. प्रत्येकाने दहा माणसं आणायची, त्या दहांनी प्रत्येकी दहा, आणि खालून येणाऱ्या पैशातला वाटा वरच्यांना मिळत राहायचा. काका चेअरमन. नाव मात्र काकांनी हट्टाने स्वतःचं ठेवलं होतं: गावदेवी कॉइन. रोहनसरांना काहीतरी इंग्रजी हवं होतं, पण देवीचं नाव लावलं की फसवाफसवी करता येत नाही, यावर काका ठाम होते.

मी जे सांगायचं ते सांगितलं. कॉइन काढणं हा काही गुन्हा नाही. पण सरकारकडे नोंदणी लागते, नफ्यावर सणसणीत कर लागतो आणि कॉइन विकत घेणाऱ्याला त्याचा उपयोग काय ते दाखवता यावं लागतं. माणूस आणल्याचं बक्षीस देणंही वाईट नाही, फक्त ते बक्षीस कुठून येतं ते बघायचं. हे समजावताना मी त्यांच्याच धंद्याचा दाखला दिला. आचारी तुम्हाला गिऱ्हाईक आणून देतो, तुम्ही त्याला काही देता की नाही? देतो, काका म्हणाले. मग ते कशातून देता? मांडवाच्या भाड्यातून. म्हणजे मांडव खरोखर बांधलेला असतो. आता या कॉइनमध्ये मांडव कुठे आहे तेवढं मला दाखवा. नुसतंच नव्यांकडून घेऊन जुन्यांना द्यायचं असेल, तर त्यावर कायद्याने बंदी आहे आणि चेअरमनला तुरुंगाची हवा खावी लागते.

काकांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, "मांडव मंग बांदू, असा बोल्लाय रोहनसर." पण आवाजात पहिला जोर नव्हता. कागद करू नकोस, आधी ट्रायल घेतो, असं सांगून ते गेले.

ट्रायल घ्यायचं दुसरं एक कारण होतं आणि ते चामटोलीला बसलं होतं. कॉइनची बातमी जनाबाईला लागली होती. तिचं घर कौलारू, जुनं, पावसात घरभर टोपं मांडून ठेवावी लागत. वाट्याच्या पैशातून स्लॅबचं घर बांधायचं ठरलं होतं. पण आता ते सगळे पैसे भावाच्या कॉइनमध्ये घालायचे, त्याचे दुप्पट करायचे आणि मग एकदम दोन मजली बांधायचं, असा तिचा बेत होता. तिने आणखी चौघींना तयार केलं होतं. देवीचं नाव आणि हिरूचा शब्द, आणखी काय पाहिजे? घरादाराचा पैसा असा शब्दावर ठेवला गेला आणि चेअरमनसाहेबांची झोप उडाली.

रविवारी सकाळी मोरिवलीत, मांडवाच्या गोदामासमोर, ट्रायल झाली. मला पुतणी म्हणून बोलावणं होतं. पैसे कुणाकडूनही घ्यायचे नाहीत, फक्त माणसं यायची, असं काकांनी बजावलं होतं. त्यांनी आपली दहा माणसं निवडली आणि प्रत्येकाला दहा नवी आणायला सांगितली. मांडववाला माणूस, त्यामुळे शंभराच्या हिशेबाने खुर्च्या लावल्या, वर दहा जास्त. नाश्त्याला भजी. रोहनसर ब्लेझर घालून, हातात माइक घेऊन उभे.

माणसं आली, पण खुर्च्या काही भरेनात. पुढच्या तीन रांगा भरल्या आणि गर्दी तिथेच थांबली. मग नावं विचारायला सुरुवात झाली आणि घोटाळा उघड झाला. आमच्याकडे कुठलंही आमंत्रण आधी भावकीला जातं. भावकीला डावलून बाहेरच्याला आधी सांगितलं तर जो रुसवा होतो तो बारशापर्यंत टिकतो. त्यामुळे दहाही जणांनी आधी आपल्या जवळच्यांना सांगितलं होतं, आणि दहाही जणांचे जवळचे तेच होते. दहांतल्या सदूने मेव्हण्याला आणलं होतं, मेव्हण्याने सदूला. पोलीस पाटलांना सहा जणांनी आणलं होतं आणि ते सहाही जणांच्या नावावर खूश होते. एकीने सासूला आणलं होतं. सासूचं म्हणणं, मीच हिला आणलंय.

एवढ्यात चामटोलीहून तीन रिक्षा आल्या. जनाबाई उतरली. तिने नऊ बायका आणल्या होत्या आणि दहावं माणूस कमी पडत होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, सरळ पुढे जाऊन हिरूकाकांचा दंड धरला आणि त्यांना रोहनसरांसमोर उभं केलं.

"यो माजा धावा मानूस," ती म्हणाली.

रोहनसर गडबडले. आत्या, ये तो चेअरमन है, सबसे ऊपर, असं त्यांनी समजावून पाहिलं.

"मंग काय जाला? चेरमन मानूस नाय?"

गोदामासमोर हशा पिकला. मीही भज्याचा तुकडा हातात धरून पोट धरून हसत होते. हसले नाहीत ते फक्त हिरूकाका. सबसे ऊपरचा माणूस स्वतःच्याच बहिणीच्या खाली येऊन उभा राहिला होता आणि ती त्यांच्या खाली होती. ते रोहनसरांना शांतपणे विचारू लागले.

गाव तर संपलं, पुढे काय? रोहनसर म्हणाले, चामटोली है ना. तिथे आमच्या पोरी दिल्यात, काका म्हणाले, तेच लोक. मग विठ्ठलवाडी, बदलापूर, नवीन टॉवरवाले, किती पब्लिक पडलीय. फ्रेश पब्लिक चाहिए काका, पहचानवाला नहीं.

"म्हंजे सगल्यात खाली वलखीचा नसलेला मानूस लागतो?"

"हां काका, करेक्ट."

"आनि त्याचा पैसा त्याला कोन देनार?"

वो लेवल आते आते बहुत टाइम है, असं काहीतरी रोहनसर पुटपुटले. काकांनी त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. भाषण वगैरे त्यांना कधी जमलं नाही. त्या दिवशीही ते दोनच वाक्यं बोलले.

"ज्याला नाता लावला त्याला बुडवता येत नाय, आनि मना त सगल्यांनाच नाता लावायची खोड हाय. दुकान बंद, भजी खाऊन जा."

रोहनसरांनाही त्यांनी उपाशी जाऊ दिलं नाही. शेजारी बसवून भजी खायला घातली, त्याच्या आजोळाची चौकशी केली, तो लांबचा भाचा निघाला, आणि मग काकांनी त्याला भाचा म्हणून सगळ्यांदेखत असा काही झापला की ब्लेझर काढूनच तो स्कूटरवर बसला. पुढे तो मोबाइलच्या दुकानात लागला असं ऐकलं. दिवाळीला काकांच्या पाया पडायला येत असे.

जनाबाई मात्र पेटली. दुप्पट व्हायच्या वेळेला भावाच्या पोटात दुखलं, असं तिने चामटोलीभर केलं. बदलापूरला दुसरी एक स्कीम चालू आहे, भाऊ नाही तर परका, तिकडे पैसे घालते, असंही म्हणाली. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी तिच्या दारात रेती आणि विटांचे ट्रक रिकामे केले. दारात रेती पडली की गाव विचारतं, काम कधी धरताय. त्या विचारण्यापुढे माणसाला माघार घेता येत नाही. मिस्त्री काकांनीच पाठवला. जनाबाई कपाळाला हात लावत, भावाचा उद्धार करत पैसे देत गेली आणि पावसाच्या आत स्लॅब पडला. एकच मजला, पण पक्का.

त्यानंतर ती दर सणाला मोरिवलीला यायची आणि ओवाळणी झाल्याबरोबर सुरू व्हायची. दोन मजले झाले असते. गच्चीवर खोल्या काढून भाड्याने दिल्या असत्या. अमकीच्या सुनेने कुठल्याशा कॉइनवर स्कूटर घेतली. तुना मना लखपती होऊ नाय दिलास. काका लाडू खात ऐकून घेत. एकदा मला राहवलं नाही. ती स्कूटर पुढे हप्ते थकल्याने उचलून नेली हे तिला सांगून का टाकत नाही, असं मी विचारलं.

"कशाला सांगू?" ते म्हणाले. "ती मना शिव्या देते म्हंजे पैसा शाबूत हाय. पैसा गेल्यावर शिव्या देत नाय कोन, नुसता गप बसतात. ते गप बसलेले घर मी बगलेत."

असं बोलताना त्यांचा चेहरा पहिल्यांदाच मला थकलेला दिसला. कुणाची घरं ते मी विचारलं नाही. माझ्या ऑफिसात येणाऱ्या लोकांपैकी काहींची नावं मलाही सांगता आली असती.

गेल्या वर्षी हिरूकाका गेले. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. मी मोरिवलीला पोचले तेव्हा अंगणात मांडव घातलेला होता, त्यांच्याच गोदामातला, आणि त्याच्याखाली इतकी माणसं बसली होती की मला पायरीशी उभं राहावं लागलं. जो तो शेजारच्याला आपलं त्यांच्याशी काय नातं ते सांगत होता. मला कुणीतरी विचारलं, तुम्ही कोण? पुतणी, मी म्हणाले, आणि मला रडू कोसळलं.

जनाबाई आली तशी बायकांनी वाट करून दिली आणि तिच्यामागून मीही पुढे गेले. आमच्याकडे बायका मयताशी बोलत रडतात, त्याला सगळं ऐकू जातं असं धरून. ती त्यांच्या उशाशी बसली, त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि सवयीने सुरू झाली: दोन मजले झाले असते रे, लखपती झाली असती रे. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. या वेळीही ही तेच काढतेय. कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला. तशी ती थांबली. पदराने तोंड पुसलं आणि अगदी हळू, त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"भाव रे, पयलेपासून ठाव होता मना. आता मी शिव्या कोनाला देऊ?"